अर्धा किलो बीफ, चार माणसं आणि एक वाटी मसूर

मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट, पॉइंट कुक, वेरिबी या पट्ट्यात आता मराठी माणूस भरपूर आहे. मी इथल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ज्या घरांत बीफ कधीच येत नाही, त्यांचा आहार त्याच्याशिवाय उत्तम बसतो आणि मी तो आनंदाने बसवून देते. त्यांनी या लेखामुळे काहीही बदलायची गरज नाही. हा लेख बीफ शिजतं त्या घरांसाठी आहे: आमच्या वसईचे ख्रिस्ती, महाराष्ट्रातून आलेली मुसलमान कुटुंबं, मराठवाड्यातली काही दलित कुटुंबं, गोव्याची मंडळी, आणि इथे आल्यावर मुलांच्या बर्गर-पास्त्याच्या हट्टापायी ज्यांच्याकडे ते सुरू झालं तेही.

बीफबद्दल माझ्यासमोर दोन टोकांचं बोललं जातं. एकजण म्हणतो, रक्त वाढवायला याच्यासारखं काही नाही, म्हणून रोज खातो. दुसरीला कुणीतरी सांगितलेलं असतं की याने कॅन्सर होतो, म्हणून ती मुलांनाही देत नाही आणि त्याऐवजी डब्यात सॉसेज देते. या दोघांनाही मी एकच सांगते. बीफ थोडं खा, बिनचरबीचं घ्या, आणि ते डाळीसोबत शिजवा. हे तिसरं कलम लोक सहसा विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं तेच आहे.

लोहाचा हिशेब

बिनचरबीच्या कच्च्या बीफमध्ये 100 ग्रॅममागे साधारण 22 ते 23 ग्रॅम प्रथिनं असतात, लोह 2 मिलिग्रॅमच्या आसपास, जस्त साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास, आणि बी-12 जीवनसत्त्व साधारण 2 मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाला दिवसाला 2.4 मायक्रोग्रॅम बी-12 लागतं, म्हणजे एका वाढपात, सुमारे 100 ग्रॅम कच्च्या मांसात, बहुतेक गरज भागते. जस्ताचंही तसंच. बाईला रोज 8 मिलिग्रॅम जस्त लागतं, त्यातलं निम्म्याहून जास्त इथूनच मिळतं.

लोहाचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. इथल्या शिफारशीनुसार 19 ते 50 वयाच्या बाईला रोज 18 मिलिग्रॅम लोह लागतं, गरोदरपणी 27. भारतातल्या आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, 2020 साली प्रौढ बाईसाठी 29 मिलिग्रॅमचा आकडा दिला, कारण आपल्याकडे बहुतेक लोह धान्य-डाळी-भाज्यांतून येतं आणि ते अंगी कमी लागतं. आता बीफच्या एका वाढपात मिळतं जेमतेम 2 मिलिग्रॅम. मग ‘रक्त वाढतं’ ही समजूत आली कुठून?

ती अगदीच पोकळ नाही. मांसातलं निम्म्याच्या आसपास लोह ‘हीम’ रूपात असतं, आणि त्यातलं 15 ते 35 टक्के शरीर शोषून घेतं. डाळी-पालेभाज्यांतलं लोह दुसऱ्या रूपाचं. ते कधी 2 टक्केच लागतं, कधी बऱ्यापैकी लागतं, आणि त्यासोबत ताटात आणखी काय आहे यावर सगळं ठरतं. लिंबू पिळलं, टोमॅटो-कोबी-ढोबळी मिरची असली, तर जास्त. जेवणावर लगेच चहा घेतला तर बरंच कमी. आणि त्याच घासात थोडं मांस असलं तर डाळीतलं लोहसुद्धा जास्त शोषलं जातं. हे शास्त्र जुनं आहे आणि पक्कं आहे.

म्हणून मी आग्रह धरते तो बीफ आणि डाळ एका भांड्यात शिजवण्याचा. 100 ग्रॅम खिम्यात 2 मिलिग्रॅम लोह आणि 30 ग्रॅम कोरड्या मसुरात जवळजवळ तेवढंच. दोन्ही एकत्र खाल्लं की मांस स्वतःचं लोह देतं आणि मसुरातलंही लागू देतं. नुसता 200 ग्रॅमचा स्टेक खाल्ला तर लोह तेवढंच भरेल, पण पैसे दुप्पट, चरबी जास्त आणि तंतू शून्य. आपल्या स्वयंपाकात डाळ-गोश्त, दालचा हे पदार्थ पूर्वीपासून आहेत. त्यांतलं मांस थोडं कमी करा, डाळ थोडी वाढवा, तेल आवरा. एवढं केलं तर ते माझ्या तक्त्यात चपखल बसतात.

पण एक बजावून सांगते. हिमोग्लोबिन 8-9 वर आलेलं असेल तर बीफ खाऊन ते भरून येणार नाही. त्याला गोळ्या लागतात, कधी शिरेतून लोह द्यावं लागतं, आणि रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं. आधी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासा. आपल्या लोकांत थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक बरेच सापडतात. त्यांचं हिमोग्लोबिन जन्मापासूनच थोडं कमी असतं आणि लोहाचा साठा भरलेला असू शकतो. अशा माणसाने फक्त हिमोग्लोबिन बघून लोह वाढवत बसणं चुकीचं आहे.

किती खायचं

ऑस्ट्रेलियाच्या 2013च्या आहार मार्गदर्शिकेत लाल मांसाची मर्यादा आठवड्याला 455 ग्रॅम आहे. हे वजन शिजलेल्या मांसाचं. एक वाढप म्हणजे शिजलेलं 65 ग्रॅम, कच्चं 90 ते 100 ग्रॅम. इथल्या हार्ट फाउंडेशनने 2019 साली आणखी खाली येऊन आठवड्याला 350 ग्रॅमच्या आत राहा असं सांगितलं. मी मराठी कुटुंबांना हा 350चाच आकडा देते. आपल्या लोकांना हृदयविकार आणि मधुमेह लवकर गाठतात, पोटाचा घेर थोडा वाढला तरी त्रास सुरू होतो, त्यामुळे सैल मर्यादेचा फायदा घेण्यासारखी आपली स्थिती नाही.

व्यवहारात मी आठवड्यातून 3 वेळा म्हणते, दर वेळी माणशी 100 ग्रॅम कच्चं. उरलेल्या दिवशी मासे, अंडी, उसळी, डाळी. आणि लक्षात ठेवा, बकऱ्याचं मटण, कोकरू, डुक्कर हे सगळं याच हिशेबात येतं. ‘बीफ दोनदाच खाल्लं’ असं सांगणाऱ्या घरात रविवारी मटण आणि बुधवारी पोर्क झालेलं असतं. ते मोजलं की आकडा 700 ग्रॅमवर जातो.

वजनकाटा रोज काढायची गरज नाही. तळहाताएवढं, बोटं सोडून, तळहाताच्याच जाडीचं शिजलेलं मांस म्हणजे एक वाढप झालं. उरलेल्या ताटात अर्ध्या भागात भाजी-कोशिंबीर आणि पाव भागात भात किंवा चपाती किंवा भाकरी.

दुकानात काय मागायचं

चरबी कमी असते ती जनावराच्या मागच्या रानात आणि पुठ्ठ्यात, कारण ते स्नायू सतत चालतात. इथे त्या तुकड्यांची नावं टॉपसाइड, सिल्व्हरसाइड, रम्प, आणि गिरेलो. गिरेलो हा रानातला लांबट गोल तुकडा, इटालियन खाटीक हमखास ठेवतात, आणि तो जवळजवळ बिनचरबीचा असतो. आपल्याकडे मुंबईत-गोव्यात ज्याला अंडरकट म्हणतात तो इथला आय फिलेट. मऊ, कमी चरबीचा, पण महाग. रोजच्या रश्श्यात तो घालणं मला पटत नाही. नळीचं मांस, म्हणजे शिन, खाटीक त्याला ग्रेव्ही बीफ म्हणतात, स्वस्त असतं. त्यात शिरा भरपूर पण चरबी थोडी. हळू शिजवलं की त्या शिरा विरघळतात आणि रस्सा आपोआप दाट होतो. मी सगळ्यात जास्त हेच विकत घेते.

टाळायचं ते सीना, म्हणजे ब्रिस्केट, फासळ्या, आणि वाग्यू. वाग्यूत चरबी स्नायूच्या आत बारीक रेषांसारखी पसरलेली असते, ती सुरीने काढता येत नाही. कडेची पांढरी-पिवळी चरबी मात्र काढता येते, म्हणून टॉपसाइड घेताना खाटकाला कडा साफ करून द्यायला सांगा. क्वीन व्हिक्टोरिया मार्केटच्या मांसबाजारात, फुटस्क्रे आणि डँडेनाँगच्या बाजारांत, कुठेही हे काम विनातक्रार करून मिळतं. हलाल दुकानात तर मी टॉपसाइडचा तुकडा निवडून, चरबी काढायला लावून, तो समोर एकदाच दळून घेते. तयार ढिगातल्या खिम्यात काय गेलंय हे कळत नाही, या खिम्यात कळतं.

सुपरमार्केटमधलं पाकीट घेत असाल तर पुढच्या बाजूचे शब्द सोडा आणि मागचा तक्ता वाचा. त्यात ‘दर 100 ग्रॅम’ हा रकाना असतो. एकूण चरबी 5 ग्रॅमच्या आत असेल तर घ्या. 10 ग्रॅमपर्यंत चालवून घेता येईल. साध्या स्वस्त खिम्यात ती याच्या कितीतरी पुढे जाते. खिम्यावर ‘लीन’ असं छापलं तर चरबीचं जास्तीत जास्त प्रमाण लिहिणं इथल्या अन्ननियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे आकडा सापडतोच.

एक फसगत सिल्व्हरसाइडमध्ये आहे. तोच तुकडा ‘कॉर्न्ड’ म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुलाबी रंगाचा मिळतो. तो मिठाच्या आणि नायट्राइटच्या पाण्यात मुरवलेला असतो. चरबी कमी असली तरी ते प्रक्रिया केलेलं मांस झालं. त्याचा विचार सॉसेज-सलामीबरोबर करा.

गवतावर वाढलेल्या जनावराचं बीफ घ्यावं का, असं बरेचजण विचारतात. त्यात ओमेगा-3 थोडं जास्त असतं हे खरं. पण एका बांगड्यात किंवा सार्डिनच्या डब्यात जेवढं असतं त्यापुढे ते काहीच नाही. परवडत असेल तर जरूर घ्या, ओमेगा-3साठी मात्र मासेच खा. आणि चव चालत असेल तर कांगारूचं मांस एकदा करून पाहा. त्यात चरबी 2 टक्क्यांच्या आसपास आणि लोह बीफपेक्षा जास्त. खिमा करताना निम्मा निम्मा मिसळला तर वेगळेपण फारसं जाणवत नाही.

घरी आणल्यावर

मांस नळाखाली धुऊ नका. मला ठाऊक आहे, हे ऐकल्यावर आमच्या घरातल्या मावश्या कशा बघतात ते. आपल्याकडे धुतल्याशिवाय मांस शिजवायचं म्हणजे अस्वच्छपणा. पण धुताना उडणारे थेंब ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर, ताटांवर जातात आणि जंतू तिथे पोचतात. मांसावरचे जंतू शिजवताना मरतात, कोथिंबिरीवरचे कोण मारणार? रक्ताळ पाणी नको असेल तर कागदी रुमालाने टिपून घ्या. तसं केल्याने कढईत मांस खरपूसही होतं.

फ्रीज 5 अंशांच्या खाली ठेवा. खिमा एक-दोन दिवसांत शिजवा, मोठे तुकडे तीन-चार दिवस राहतात. गोठवायचं असेल तर आणल्या दिवशीच अर्ध्या अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या करा. चपट्या असल्या की फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभरात सुटतात, ओट्यावर उघड्यावर ठेवाव्या लागत नाहीत.

खिमा, कबाब, बर्गरची टिक्की हे आतपर्यंत शिजलंच पाहिजे. अख्ख्या तुकड्यावर जंतू असतात ते बाहेरच्या अंगाला. दळताना बाहेरचं सगळं आत जातं. टिक्की आतून तपकिरी दिसली म्हणजे शिजली असं नाही, रंग फसवतो. थर्मामीटर घ्या आणि मध्यभागी 75 अंश सेल्सिअस बघा. अख्ख्या तुकड्याला 63 अंश आणि मग तीन मिनिटं झाकून ठेवलं तरी पुरतं.

तेलाचं काय करायचं

माझ्या दवाखान्यातल्या निम्म्या चर्चा इथे अडतात. लोक सहा डॉलर जास्त देऊन 5 टक्क्यांचा खिमा आणतात आणि फोडणीला तीन मोठे चमचे तेल ओततात. हिशेब करू. अर्धा किलो अशा खिम्यात एकूण चरबी 25 ग्रॅम. इथला मोठा चमचा 20 मिलिलिटरचा. असे तीन म्हणजे 60 मिलिलिटर, म्हणजे सुमारे 55 ग्रॅम चरबी. जनावराची चरबी वाचवली आणि तिच्या दुपटीहून जास्त बाटलीतून घातली. तेलातली चरबी मांसाच्या चरबीपेक्षा हृदयाला बरी, हे मान्य. पण वजन आणि साखर आवरायला आलेल्या माणसाच्या पातेल्यात 500 कॅलरी वाढल्या, त्या वाढल्याच. वर वाटणात अर्धा नारळ गेला तर संपृक्त चरबीही परत आली.

मी अर्ध्या किलोला दोन छोटे चमचे तेल घालते, म्हणजे 10 मिलिलिटर. जाड बुडाचं पातेलं असेल तर ते पुरतं. आता माझा नेहमीचा मसूर-खिमा सांगते.

एक वाटी अख्खा मसूर, सुमारे 150 ग्रॅम, दोन तास भिजवून कुकरला दोन शिट्ट्या द्या. दाणा मोडायला नको. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात मंद आचेवर चिमूटभर मिठासह परता. चिकटायला लागले की तेल न वाढवता दोन चमचे पाणी मारा, असं दोन-तीनदा. कांदा लालसर व्हायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती द्यावीच लागतात, कमी तेलाच्या स्वयंपाकात चव सगळी इथून येते. आलं-लसूण घाला, मग कांदा एका बाजूला सारा, आच मोठी करा आणि खिमा पसरून टाका. लगेच ढवळू नका. खालची बाजू तांबूस झाली की उलटा, मग मोडा. दोन चमचे बाटली मसाला घाला. ज्यांच्याकडे तो नसेल त्यांनी मालवणी मसाला किंवा कांदा-लसूण मसाला वापरावा. दोन टोमॅटो, हळद, मीठ. टोमॅटो विरघळला की मसूर त्याच्या पाण्यासकट घाला आणि झाकून दहा मिनिटं ठेवा. शेवटी पालकाची चिरलेली जुडी, एक मूठ मटार, आणि गॅस बंद केल्यावर लिंबू.

बिनचरबीचा खिमा एकटा शिजवला तर कोरडा आणि खरखरीत होतो, ही तक्रार मी रोज ऐकते. मसूर ओलावा धरून ठेवतो, म्हणून ती तक्रार उरत नाही. एवढ्यात चौघांचं जेवण होतं आणि दुसऱ्या दिवशीचा एक डबा निघतो. प्रत्येकाच्या वाट्याला 100 ग्रॅम कच्चा खिमा आणि 30 ग्रॅम मसूर, म्हणजे जवळजवळ 30 ग्रॅम प्रथिनं. चपातीबरोबर छान लागतो, ज्वारीच्या भाकरीबरोबर जास्त छान. जेवणानंतर चहा हवाच असेल तर तासभर थांबा. ही एक सवय बदलली तरी वर्षभरात फेरिटिनला मदत होते.

नळीच्या मांसाचा रस्सा आदल्या रात्री करायचा. 600 ग्रॅम मांसाचे मोठे तुकडे, थोडं व्हिनेगर, आलं-लसूण, मसाला लावून तासभर ठेवा. कांद्यावर परतून कुकरमध्ये घाला. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून 35 ते 40 मिनिटं. थंड झाल्यावर फ्रीजमध्ये. सकाळी वर जमलेला चरबीचा थर चमच्याने उचलून टाका, खाली रस्सा खळीसारखा आळलेला असतो. मग गरम करताना दुधी, गाजर, शेवग्याच्या शेंगा घाला. शेंगा इथल्या भारतीय दुकानांत गोठवलेल्या मिळतात. भाजी मांसाच्या दुप्पट असू दे.

घाईच्या दिवशी रम्प अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे पातळ कापता येतो. धागे ज्या दिशेने जातात त्यांना आडवी सुरी चालवा. नुसत्या या कापण्याने कडक मांस मऊ लागतं. मिरपूड, लसूण, कढीपत्ता, ढोबळी मिरची, कोबी, मोठी आच, थोडं थोडं मांस टाकत तीन मिनिटं. एकदम सगळं ओतलं तर पाणी सुटतं आणि मांस उकडलं जातं.

बार्बेक्यूचा इथे सणच असतो. मांस काळं पडेपर्यंत जाळू नका. जळलेल्या भागात आणि चरबी निखाऱ्यावर ठिबकून उठणाऱ्या धुरात कर्करोगाशी संबंध जोडलेली रसायनं तयार होतात. आधी ओव्हनमध्ये किंवा कुकरमध्ये शिजवून घ्या, आचेवर फक्त रंग आणा.

सॉसेजबद्दल स्पष्टच

2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, हॅम, सलामी, बेकन, कॉर्न्ड बीफ, हे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी मांडलं. साधं लाल मांस त्यांनी दुसऱ्या, ‘बहुधा घडवत असावं’ अशा गटात ठेवलं. तेव्हा बीफच्या भीतीने मुलाच्या डब्यात सॉसेज देणं म्हणजे उलटी दिशा झाली. शाळेच्या जत्रेत एखादा सॉसेज-पाव खाल्ला म्हणून आभाळ कोसळत नाही. डब्यात रोज नको. त्याऐवजी रात्रीचा मसूर-खिमा चपातीत गुंडाळून द्या.

बाळं, म्हातारी माणसं, आणि कुणी सांभाळायचं

सहा महिन्यांच्या आसपास बाळाचा लोहाचा साठा संपत येतो. 7 ते 12 महिन्यांच्या बाळाला रोज 11 मिलिग्रॅम लोह लागतं, बाबांपेक्षा जास्त. मोठ्या पुरुषाला 8च लागतं. म्हणून इथल्या शिफारशीत पहिल्या घासांतच लोहाचे पदार्थ द्यायला सांगतात, आणि त्यात मऊ शिजवून वाटलेलं मांसही येतं. आपल्या आया भाताची पेज आणि नाचणीपासून सुरुवात करतात. करू द्या, पण त्यात मिठाशिवाय शिजवून मिक्सरमधून काढलेला चमचाभर खिमा किंवा मसूर घाला. वर्षानंतर गाईच्या दुधाचा मारा मात्र आवरा. दिवसभर बाटलीने दूध पिणारं मूल जेवत नाही, आणि त्याचंच लोह घसरतं.

सत्तरी ओलांडलेल्या बाईला दिवसाला 57 ग्रॅम आणि पुरुषाला 81 ग्रॅम प्रथिनं असा इथला आकडा आहे. मुलांकडे राहायला आलेले आजी-आजोबा सकाळी चहा-बिस्किट, दुपारी वरण-भात, रात्री पुन्हा थोडा भात असं खातात आणि निम्म्यावरही पोचत नाहीत. मांडीचे स्नायू झडतात, मग न्हाणीत तोल जातो. बीफ खाणाऱ्या घरात त्यांना चावता येईल असा मऊ रस्सा, छोट्या वाटीत, दुपारच्या जेवणाला द्या. न खाणाऱ्या घरात दही, पनीर, अंडं, मूग.

मूत्रपिंडाचा आजार, युरिक ॲसिड वाढून सांधे धरणं, लोह साठत जाण्याचा आजार, आणि फार वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), यांपैकी काही असेल तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत. डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवा. गरोदर बाईने कलेजी टाळावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

वसईला असाल तर

महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैसवर्गाला ती लागू नाही, म्हणून ‘बड्याचं’ म्हणून मिळतं ते म्हशी-रेड्याचं. आरोग्याच्या दृष्टीने त्यात तोटा काही नाही. त्याच्या स्नायूत चरबी बीफपेक्षाही कमी मुरलेली असते, रंग गडद असतो आणि वरची चरबी पांढरीशुभ्र असल्याने काढणं सोपं जातं. धागा जाड असतो, म्हणून वेळ जास्त लागतो. आईला मी फोनवर सांगते ते असं: रानाचं मांस घे, वरची पांढरी चरबी काढ, लहान तुकडे कर, दही किंवा कच्च्या पपईचा छोटा चमचा लावून दोन तास ठेव, आणि कुकरला पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर पाऊण तास दे. पपई रात्रभर लावू नकोस, मांसाचा लगदा होतो. सकाळी लवकर जा, कारण तिथे मांस बर्फावर नसतं, उघड्यावर टांगलेलं असतं. आणल्याबरोबर शिजव किंवा फ्रीजमध्ये टाक. आणि मसूर भिजत घालायचा तो बाजाराला निघायच्या आधी.